तीनदा मालेगावातच सुटलेली ४०० : एका सायकलवाल्याचं प्रकरण

ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहितोय. त्यानं मसुदा वाचला, दोन ठिकाणी खोडलं, एका ठिकाणी "हे माझ्यापेक्षा तुझंच जास्त आहे" असं म्हणाला (ते पुढे येईलच). नाव देत नाही, कंपनी देत नाही, तारखा थोड्या मागेपुढे केल्यात. आमच्या सायकल ग्रुपमधे सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पार्श्वभूमी

भाऊ चाळिशीच्या आतबाहेरचा, मूळचा निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं, स्वतः अंबडला एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर. तीन शिफ्ट फिरत्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. घरात बायको, दोन मुलं, आई. घर माळकरी. सायकल सुरू झाली ती पोट कमी करायला, गंगापूर धरणापर्यंत जायचं आणि सोमेश्वरला चहा पिऊन परत यायचं एवढंच. मग कुणीतरी बीआरएमचं नाव काढलं आणि बिघडलं सगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीआरएम म्हणजे शर्यत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं, मधे कंट्रोलवर, म्हणजे ठरलेल्या थांब्यांवर, कार्डावर शिक्का घ्यायचा, रस्त्यात मागे मदतीची गाडी ठेवायची नाही, पंक्चर स्वतः काढायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. चारही एकाच मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबरमधे, पूर्ण केले की सुपर रँडोनियर. आणि ते झालं की पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं दार उघडतं, १२०० किलोमीटर, चार वर्षांतून एकदा, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. भाऊच्या फोनचा वॉलपेपर तोच होता.

२०० त्यानं हसत मारली. ३०० सतरा तासांत. मग आली ४००.

अडचण

आपली ४०० आग्रा रोडची. पहाटे सहाला नाशिक, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, पुढे शिरपूरच्या बाजूला २०० पर्यंत जायचं आणि आलो तसं परत. म्हणजे परतीला मालेगाव येतं साधारण २९५-३०० वर, वाजलेले असतात रात्रीचे साडेबारा-एक, आणि पुढ्यात राहुडचा घाट.

पहिल्या वेळी त्यानं मालेगावच्या अलीकडच्या ढाब्यावर सोडली. पोटात गडबड म्हणाला. दोन महिन्यांनी दुसरी, पुन्हा मालेगाव, या वेळी गुडघा. पुढच्या मोसमात तिसरी, हवा मस्त, पोट मस्त, गुडघा मस्त, तरी मालेगाव. तिसऱ्या वेळी कारण सांगायचंही त्यानं सोडलं, नुसतं "झालं नाही" असा मेसेज टाकला आणि महिनाभर सायकल गॅलरीत उलटी करून ठेवली.

पाय कमी पडत होते असं अजिबात नाही. तिसऱ्या वेळी मालेगावला पोचला तेव्हा त्याच्या हाताशी साडेआठ तास होते आणि उरलेलं अंतर शंभराच्या आसपास. लंगडत आला असता तरी बसलं असतं वेळेत.

आणि आम्ही ग्रुपवाले काय करत होतो, तर आगीत तेल. नाशिकमधे सायकलवाल्याला हिरो कमी नाहीत. महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ ला जोडीनं रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, पूर्ण करून आले. लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ नाशकात राहूनच तयारी करायचे, २०१७ ला त्यांनी तीच रॅम एकट्यानं मारली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, ४८०० किलोमीटरच्या आसपास. मग मिसळ खाताना कुणीतरी म्हणणारच, "अरे आपले लोक ४८०० मारून आले, तुझं ४०० ला काय अडलंय?" म्हणणारा मस्करीत म्हणतो, पण ऐकणारा ते घरी घेऊन जातो.

कोणते पर्याय होते

तिसऱ्यानंतर आम्ही दोघं पांडवलेणीच्या पायऱ्यांवर बसून बोललो. तेव्हा डोळ्यासमोर जे होतं ते असं. एक, सायकलच सोडायची, २००-३०० वर खूश राहायचं. हा पर्याय वाईट नव्हता, आम्ही उगाच त्याला हार म्हणत होतो. दोन, अजून सराव, रात्रीच्या राइड वाढवायच्या. तीन, मनाचं काहीतरी. पण मनाचं म्हणजे कुणाकडे जायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

गंमत म्हणजे नाशिकला हे परकं नसायला पाहिजे होतं. भीष्मराज बाम इथलेच, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी, नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत कितीतरी मोठे खेळाडू त्यांच्याकडे मन तयार करायला यायचे. २०१७ ला ते गेले. म्हणजे ज्या गावात खेळाच्या मानसशास्त्राचा एवढा मोठा माणूस राहून गेला तिथे आम्हाला मात्र "सायकॉलॉजिस्ट" म्हटलं की वेड्यांचा डॉक्टर एवढंच सुचत होतं. भाऊचं पहिलं वाक्य होतं, "मला काय येड लागलंय का?" माझं उत्तर तयार नव्हतं.

मग जे सोपं वाटलं ते केलं. ओळखीतून एक मोटिव्हेशनवाला मिळाला, नाव घेत नाही. तीन बैठका झाल्या. आरशासमोर उभं राहून "मी चॅम्पियन आहे" म्हणायचं, भिंतीवर फिनिशचा फोटो लावायचा, "हार मानणाऱ्यांची आठवण कुणी ठेवत नाही" वगैरे. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण भाऊच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की आपल्यात जिद्दच कमी आहे. तिसऱ्या बैठकीत त्यानं विचारलं, "मालेगावला नेमकं काय करायचं?" तर उत्तर आलं "मालेगाव तुमच्या डोक्यात आहे". हे वाक्य आम्ही अजून एकमेकांना हसून ऐकवतो.

त्यानंतर जरा शहाणपणा सुचला आणि आधी चौकशी केली. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते आणि ती तपासता येते. पण स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट अशी पाटी कुणीही लावलेली सापडते, त्यामुळे शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली शिकलात, एन्ड्युरन्सवाल्यांबरोबर काम केलंय का, आणि प्रकरण तुमच्या आवाक्याबाहेरचं निघालं तर कुणाकडे पाठवता, हे तोंडानं विचारावं लागतं. चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला. ज्यांनी त्याला नीट उत्तर दिलं त्या पुण्याच्या मॅडम, ऑनलाइन सेशन घेणाऱ्या, त्यांच्याकडे जायचं ठरलं. त्यांनी फीबरोबर अजून एक गोष्ट आधीच सांगितली, की पहिली दोन सेशन नुसती ओळखीची असतील आणि दुसऱ्यानंतर दोघांनीही ठरवायचं, पुढे जायचं की नाही. भाऊला हे आवडलं. म्हणाला, नवीन माणूस मशीनवर घेताना आपण पण ट्रायल देतोच की.

पहिली दोन सेशन

भाऊची अपेक्षा होती की डोळे मिटून श्वास घ्यायला लावतील. तसलं काही नाही. पहिला पाऊण तास झोप, शिफ्ट, जेवण, आजारपण, घरात कोण, पूर्वी कधी अपघात झालाय का, रस्त्यावर भीती वाटते का, मन खूप दिवस उदास असतं का, जगण्याचा कंटाळा येतो का. शेवटच्या प्रश्नाला तो दचकला. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे सगळ्यांना विचारते, कारण खेळाची अडचण म्हणून आलेली गोष्ट कधीकधी आजार असते आणि मग ते काम माझं नाही. एक छोटी १० प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली, खेळाडूंवर ताण किती आहे ते पाहणारी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तपासणी-संचात पहिली पायरी म्हणून तीच वापरतात.

त्यातून आजाराचं काही दिसलं नाही, पण झोप भयानक निघाली. नाइट शिफ्टच्या आठवड्यात दिवसाला साडेचार तास. त्यांनी आधी फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं, रक्त तपासा म्हणाल्या, आणि बी-१२ कमी निघालं. शाकाहारी घरात हे काही नवलाचं नाही. डॉक्टरांनी औषध दिलं. मालेगावात त्याचा वाटा किती होता देव जाणे, पण दोन वर्षं आम्ही जिद्द जिद्द करत बसलो आणि रक्त तपासायचं कुणालाच सुचलं नाही, हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या सेशनला त्यांनी एकच प्रश्न विचारला. सोडायचं ठरवलं ते नेमकं कितव्या मिनिटाला?

भाऊला सांगता येईना. मग गृहपाठ मिळाला, तिन्ही वेळेची रात्र मिनिटामिनिटानं लिहून आणायची. आता दोन वर्षांपूर्वीची रात्र कुणाला आठवणार. पण भाऊ सुपरवायझर माणूस, त्यानं फोन उघडला. यूपीआयचे पैसे किती वाजता गेले, कॉल लॉग, व्हॉट्सॲपचे मेसेज, सायकल कॉम्प्युटरची फाइल, सगळं एका वहीत उतरवलं. तिसऱ्या वेळेचं मी पाहिलंय. १२.४१ ला चहाचे पैसे. १२.५२ ला घरी फोन, नऊ मिनिटं. १.१० ला दुसरा चहा आणि शेवभाजी. १.३५ ला "झालं नाही". आधीच्या दोन्ही रात्री जवळजवळ तशाच. ढाबा, खुर्ची, फोन, पन्नासएक मिनिटं, आणि मग मेसेज.

म्हणजे सायकलवर असताना त्यानं एकदाही सोडली नव्हती. तिन्ही वेळा सुटली ती खुर्चीत बसून.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हाच एक क्षण, जिथं गोष्ट फिरली. तोपर्यंत अडचणीचं नाव "मन कमकुवत" होतं. त्यावर कुणी काय करणार? खुर्ची आणि फोनवर मात्र काहीतरी करता येतं.

माझी चूक

आता ते, जे भाऊ म्हणतो तुझंच जास्त आहे.

तिसरं सेशन झालं त्या रविवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकजवळ ग्रुप जमला होता. भाऊ नव्हता. कुणीतरी विचारलं भाऊ कुठं गायब, आणि मी, चांगल्या मनानंच, सांगून टाकलं की तो सध्या सायकॉलॉजिस्टकडे जातोय, फार भारी काम चाललंय, आपण सगळ्यांनीच जायला पाहिजे. मला वाटत होतं मी मोठं पुरोगामी बोलतोय. संध्याकाळपर्यंत भाऊला चार फोन आले, "काय रे भो, काय झालं, सगळं ठीक ना घरी?" एकानं तर वहिनींना फोन केला. त्या ग्रुपमधे त्याच्याच कंपनीतले दोघं आहेत. सोमवारी शॉपफ्लोरवर एक पोरगा म्हणाला, "साहेब, टेन्शन घेऊ नका."

भाऊनं पुढची दोन सेशन रद्द केली. माझ्याशी बोलणं बंद. दीड महिना.

मी सॉरी म्हणायला गेलो तेव्हा त्यानं ओरडा वगैरे केला नाही, एवढंच म्हणाला, "मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथलं बाहेर जाणार नाही. गेलं ते तुझ्याकडून." याच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. नंतर मी ग्रुपमधे काही स्पष्टीकरण टाकू का विचारलं तर म्हणाला अजिबात नको, अजून चर्चा होईल. ते बरोबर होतं. मी टाकलं असतं.

तो परत गेला तो स्वतःहून, मार्चअखेरीला. मॅडमनी मधल्या काळात एकच मेसेज केला होता, जागा आहे, घाई नाही, असा. पाठलाग केला नाही. मला वाटतं पाठलाग केला असता तर तो गेला नसता.

वहिनींचं सेशन

त्या ९ मिनिटांच्या फोनमधे काय बोलणं व्हायचं हा पुढचा प्रश्न होता. भाऊच्या सांगण्यानुसार काही विशेष नाही, कुठं पोचलो, जेवलो का, एवढंच. मॅडमनी विचारलं, वहिनींना एकदा बोलवायचं का? भाऊ तयार नव्हता. बायकोला यात कशाला ओढायचं, ती आधीच वैतागलेली असते. दोन आठवडे यावर घोडं अडलं. शेवटी त्यानं घरी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही आजवर."

त्या आल्या आणि वीस मिनिटांत जे बोलल्या ते भाऊनं मला नंतर सांगितलं, आणि त्यांच्या परवानगीनं लिहितोय. "हे लाइव्ह लोकेशन देऊन जातात. मी रात्रभर तो निळा ठिपका बघत बसते. ठिपका थांबला की माझा जीव वर. फोन आला की मी म्हणते, जमत नसेल तर या ना घरी. मी म्हणते म्हणून हे येतात, आणि मग आठवडाभर माझ्याशीच नीट बोलत नाहीत."

भाऊनं हे कधी ऐकलंच नव्हतं. त्याला ते वाक्य परवानगीसारखं ऐकू यायचं. रात्री एक वाजता, १९ तास सायकलवर काढलेल्या माणसाला कुणी मायेनं घरी ये म्हटलं तर तो काय करेल.

त्यातून ठरलं ते साधं होतं. लाइव्ह लोकेशन वहिनींकडे नाही, भाऊच्या धाकट्या भावाकडे. रात्री दहाला एक फोन, त्यानंतर थेट सकाळी सहाला. मधे काही झालंच तर भावाला फोन, आणि भाऊ दर कंट्रोलला एक अंगठ्याची खूण टाकणार. वहिनींची एक अट, हायवेला रात्री जॅकेट आणि दोन लाल दिवे, एक नाही. मागचा दिवा तर नियमातच आहे, पण दुसरा त्यांच्या अटीमुळे आला, आणि आता ग्रुपमधे सगळेच दोन लावतात.

सराव कसा झाला

एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी सेशन. यातलं सगळं लिहीत नाही, कामाचं तेवढं.

'जर-तर'चे बेत केले. म्हणजे निर्णय रात्री एक वाजता घ्यायचाच नाही, तो घरी बसून आधीच घेऊन ठेवायचा. जर ढाब्यावर थांबलो तर चहा उभ्यानं. जर बसावंसं वाटलं तर आधी बाटल्या भरायच्या, मग पाच मिनिटं बसायचं, तेही मोबाइलवर अलार्म लावून. जर "कशासाठी हे सगळं" असा विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, "आलास का, बस मागे कॅरियरवर" म्हणून पुढे निघायचं. हे शेवटचं भाऊचं स्वतःचं. मॅडम म्हणाल्या विचार घालवायचा प्रयत्न केला की तो अजून चिकटतो, तर भाऊ म्हणाला म्हणजे पाहुण्यासारखं, हाकलला की बसतोच.

स्वतःशी काय बोलायचं यावर बरेच दिवस गेले. मॅडमनी २०१४ च्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, स्वतःशी बोलायची वाक्यं ठरवून सराव केलेल्या गटानं दमेपर्यंत सायकल मारण्याची वेळ साधारण १८ टक्के वाढवली. पण त्यांनीच पुढे हेही सांगितलं की तो २४ जणांचा लॅबमधला प्रयोग, दहा-बारा मिनिटांच्या कसोटीचा, त्याचं गणित ४०० किलोमीटरला लावू नका. भाऊनं आधी मोटिव्हेशनवाल्याकडची इंग्रजी वाक्यं काढली, "यू कॅन डू इट" वगैरे. अंबडहून घरी जाताना चढावर म्हणून पाहिली, त्याचं त्यालाच हसू आलं. मग मॅडमनी विचारलं, लहानपणी कंटाळवाणं लांबलचक काम कुठलं केलंत? कांद्याची लागण. आणि वाकून पाठ मोडल्यावर आई काय म्हणायची? "एवढा वाफा उरकू, मग पाणी पिऊ."

बस. तेच वाक्य. रस्त्याचे वाफे पाडले. मालेगाव ते सौंदाणे एक वाफा, सौंदाणे ते उमराणे दुसरा, मग घाट, मग चांदवड. नाशिकचा विचारच करायचा नाही.

आणि झोप. मॅडमनी २००९ च्या दुसऱ्या एका प्रयोगाचं सांगितलं, ९० मिनिटं डोक्याचं किचकट काम करून सायकलवर बसलेले लोक लवकर दमले, त्यांचं हृदय-फुप्फुस नेहमीसारखंच चाललेलं असताना. भाऊ आठवडाभर शिफ्ट सांभाळून, माणसं-मशीन-रिजेक्शनच्या कटकटी करून शनिवारी पहाटे स्टार्टला उभा राहायचा. म्हणून नियम केला, ४०० च्या आधीचा आठवडा नाइट शिफ्टचा असेल तर नाव द्यायचं नाही. आणि झोपेसाठी वेगळा कडक नियम, चालत्या सायकलवर डोळा लागला तर २० मिनिटं झोप, उठून परत लागला तर राइड बंद, कितीही अंतर उरलेलं असो.

हा दुसरा नियम मला तेव्हा उगाच वाटला होता. सोडणाऱ्या माणसाला सोडायचा अजून एक रस्ता कशाला द्यायचा? मी बोललोही. मॅडमचं उत्तर भाऊनं आणलं, की वेळ संपलीय म्हणून सोडणं, कंटाळा आला म्हणून सोडणं आणि जीव वाचवायला सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही त्या तिन्ही एकाच पोत्यात भरल्यात.

चौथी खेप

नोव्हेंबर. आणि पहिलाच नियम मोडला. एक सहकारी रजेवर गेला, भाऊला नाइट करावी लागली, नाव आधीच दिलेलं, पैसे भरलेले. तो निघाला.

मालेगावला पोचला १२.२० ला. चहा उभ्यानं. बाटल्या भरल्या. १२.३४ ला निघाला. मी भाऊच्या घरी त्याच्या धाकट्या भावाच्या फोनवर ठिपका बघत होतो आणि ठिपका मालेगावच्या पुढे सरकला तेव्हा आम्ही दोघं रात्री पाऊण वाजता टाळ्या पिटत होतो, वहिनी आत शांत झोपल्या होत्या.

सौंदाण्याच्या अलीकडे डोळा लागला. पेट्रोल पंपावर २० मिनिटं झोपला. उठला, घाट चढला, एक एक वाफा. चांदवडच्या अलीकडे परत डोळा लागला, सायकल पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गेली, ट्रकनं हॉर्न दिला. सव्वाचारला चांदवडला त्यानं सायकल उभी केली आणि फोन केला. बासष्ट किलोमीटर उरलेले. हातात पावणेपाच तास. मोठा घाट मागे पडलेला.

मी गाडी घेऊन निघालो. रस्ताभर माझ्या मनात येत होतं, तासभर झोपून उठला असता तर? आणि खरं सांगतो, पोचल्यावर तोंडातून निघणारच होतं. पण तो टपरीच्या बाकावर बसून पोहे खात होता, चेहरा असा की काही बोलवेना. म्हणाला, "आज खुर्चीनं नाही सोडवली. आज मी सोडली." आणि गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागला.

ग्रुपमधे अर्थातच "अरे ६२ च तर होते" सुरू झालं. तिसऱ्या वेळी महिनाभर गॅलरीत उलटी असलेली सायकल या वेळी मंगळवारी रस्त्यावर होती.

पाचवी खेप

जानेवारी. आधीचा आठवडा फर्स्ट शिफ्ट, रात्री सात तास झोप. थंडी अशी की पिंपळगावच्या पुढे बोटं ब्रेकवर वळत नव्हती, निफाडचा पारा त्या आठवड्यात रोज बातम्यांत होता. मालेगावला अकरा मिनिटं थांबला. उमराण्याच्या पुढे वीस मिनिटं झोपला, परत डोळा लागला नाही. २६ तास ५ मिनिटं. वेगात म्हणाल तर त्याच्या आवाक्यापेक्षा सावकाश, वाऱ्यामुळे आणि दोन पंक्चरमुळे.

फिनिशला कुणी ओरडलं नाही कारण त्यानं कुणाला बोलावलंच नव्हतं. वहिनी आणि मुलं होती. मला नंतर कळलं.

परत करायचं झालं तर

भाऊ म्हणतो पहिल्याच सुटलेल्या ४०० नंतर गेलो असतो तर दोन वर्षं वाचली असती. मला तेवढं पटत नाही, पहिल्या वेळी कुणीही पोटाचंच कारण मानलं असतं. दुसऱ्या वेळी त्याच जागी सुटली तेव्हा मात्र कळायला हवं होतं, जागा तीच आणि कारण वेगळं, म्हणजे कारण खोटं.

रक्ततपासणी आणि झोप हे आधी, बाकी नंतर. यावर आमच्यात दुमत नाही.

मोटिव्हेशनवाल्याकडे जाताना मी बरोबर होतो, मीच शोधला होता. त्याला शिक्षण विचारलं नाही कारण बोलायला गोड होता.

वहिनींना बोलवायला तीन महिने लागले. वहिनींच्या मते हे सगळ्यात उशिरा झालं आणि सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. मॅडमच्या मते मात्र भाऊ स्वतः तयार होईपर्यंत थांबणंच योग्य होतं. मी यात पडत नाही.

चौथ्या खेपेला नाइट शिफ्टनंतर निघाला ती चूक होती की नाही यावर अजून वाद आहे. भाऊ म्हणतो निघालो म्हणून नियम पाळायची वेळ आली, नाहीतर तो नियम कागदावरच राहिला असता. मी म्हणतो त्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला म्हणून आज आपण वाद घालतोय.

आणि कुणी कुणाकडे मनासाठी जात असेल तर ते सांगायचा हक्क त्याचा एकट्याचा. ग्रुपमधे दुसऱ्या एकानं मला परवा बाजूला घेऊन मॅडमचा नंबर मागितला. मी दिला आणि कशासाठी ते विचारलं नाही. हाच, ज्यानं मिसळ खाताना भाऊची सगळ्यात जास्त उडवली होती. (आणि कुणाला रात्रीबेरात्री खरंच असह्य होत असेल, सायकलबियकल सोडा, तर सरकारची टेलीमानस लाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.)

भाऊची सेशन आता दोन महिन्यांतून एकदा. वॉलपेपरवर पॅरिस नाही, मुलांचा फोटो आहे. ६०० चं विचारलं की म्हणतो, आधी शिफ्टचा चार्ट लागू दे.